वाचकांचे प्रश्न : मोतीबिंदूची तयारी आणि लेन्सची निवड

कापसाची वेचणी आटोपत आली की या सदराकडे डोळ्यांची पत्रे वाढतात. हात मोकळे होतात, थोडा पैसा हाताशी असतो आणि वर्षभर पुढे ढकललेले ऑपरेशन आठवते. या अंकात फक्त मोतीबिंदूची पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

बाबा ६८ वर्षांचे आहेत. दवाखान्यात लेन्सचे दरपत्रक समोर ठेवले : देशी, विदेशी, टोरिक, मल्टिफोकल. सगळ्यात महाग घेतली तर चष्मा कायमचा जाईल, असे काउंटरवर सांगितले. बाबा शेती पाहतात, मोटरसायकल चालवतात, रानडुकरांसाठी रात्री जागलीला जातात. सोयाबीनचे पैसे आले आहेत. कोणती लेन्स घ्यावी? (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

हा दिनक्रम पाहता साधी मोनोफोकल, घडीची (घडी करून छोट्या चिरेतून घालता येणारी), दूरच्या नजरेसाठी बसवलेली लेन्स घ्यावी. मल्टिफोकल बाबांसाठी नको.

मोनोफोकल एकाच अंतरावर नेम धरते. दूरसाठी बसवली की रस्ता, बैल, समोरच्याचा चेहरा स्पष्ट दिसतो. सातबारा किंवा खताच्या पिशवीवरची बारीक अक्षरे वाचायला +२.५ च्या आसपासचा जवळचा चष्मा लागतो. मल्टिफोकल लेन्सवर बारीक वर्तुळाकार कडा असतात आणि आत येणारा प्रकाश त्या दूर, मधल्या आणि जवळच्या अंतरांत वाटून देतात. वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणारच. भर दिवसा हे जाणवत नाही. अंधारात बाहुली मोठी होते आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याभोवती कडी दिसतात. गडद आणि फिक्यातला फरकही थोडा पुसट होतो. काळ्या जमिनीवर काळे डुक्कर टॉर्चच्या उजेडात हेरणाऱ्या माणसाला नेमका हाच फरक लागतो. बहुतेकांना काही महिन्यांत कड्यांची सवय होते, पण सगळ्यांना होत नाही, आणि एकदा बसवलेली लेन्स काढून बदलणे हे पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड काम आहे. डोळ्याच्या आतल्या, प्रतिमा उमटते त्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम, काचबिंदू, कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर) जुना डाग किंवा डोळ्यांचा कोरडेपणा असेल तर मल्टिफोकलचा विषयच काढू नये. दुकानात बसून दिवसभर मोबाइल आणि हिशेबवही पाहणारा, रात्री गाडी न चालवणारा, डोळा बाकी निरोगी असलेला माणूस असेल तर तिचा विचार जरूर करावा.

या दोहोंच्या मध्ये ईडॉफ नावाचा प्रकार आहे. दूरचे आणि हातभर अंतरावरचे बरे दिसते, कडी कमी दिसतात, बारीक अक्षरांना मात्र चष्मा लागतोच.

टोरिक म्हणजे सिलिंडर नंबर, म्हणजे कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे येणारा नंबर, भरून काढणारी लेन्स. तपासणीत कॉर्नियाचा सिलिंडर सव्वा ते दीडच्या पुढे आला तरच तिचे पैसे वसूल होतात. ती ठरलेल्या अक्षातच बसावी लागते. एक अंश फिरली की सुमारे ३ टक्के असर जातो आणि ३० अंश फिरली की जवळजवळ सगळाच. म्हणून डोळ्यावर शाईची खूण रुग्ण बसलेला असताना करतात, कारण आडवे झाल्यावर डोळा थोडा फिरतो.

देशी की विदेशी यापेक्षा लेन्स कशाची आहे ते विचारा. हायड्रोफोबिक ॲक्रिलिक (पाणी न शोषणारे प्लास्टिक) आणि चौकोनी कडा असलेली लेन्स घातली तर नंतर तिच्या मागच्या पिशवीवर जाळी धरून पुन्हा धूसर दिसण्याचे प्रमाण कमी असते. ऐपत असेल तर जास्तीचे पैसे इथे घालावेत. पिवळसर लेन्समुळे पडद्याचा आजार टळतो असे सिद्ध झालेले नाही, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. आणि चष्मा कायमचा जाईल अशी हमी कोणत्याही लेन्सची देता येत नाही.

माह्या मायच्या दोन्ही डोयात मोतीबिंदू हाये. गावातले लोक म्हनते का अजून पिकला नाही, पिकला का मंग काढा. मायले चुलीवरची भाकर करपली तरी दिसत नाही. उन्हायात आपरेशन करू नये असंबी म्हनते. थांबलो तं चालन काय? (ता. बाळापूर, जि. अकोला)

पत्र जसे आले तसेच छापले आहे. थांबू नका.

पिकू देण्याची रीत जुन्या काळची. तेव्हा मोतीबिंदू आख्खा बाहेर काढत, टाके घालत आणि लेन्सऐवजी जाड भिंगाचा चष्मा देत. उरलेल्या नजरेपेक्षा तो चष्मा बरा वाटावा इतकी नजर जाईपर्यंत थांबण्यात तेव्हा अर्थ होता. आज तसे नाही. मोतीबिंदू जितका कडक आणि तपकिरी, तितकी तो फोडायला अल्ट्रासाउंडची ताकद जास्त लागते आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशींना तितका मार बसतो. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फार पिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा विरघळून पाझरू लागतो. मग डोळ्याचा दाब एकदम चढतो, डोळा लाल होतो, कपाळ फुटेल असे दुखते, उलट्या होतात. आधी मोतीबिंदू होता म्हणून दिसत नव्हते, आता दाबाने नस मेली म्हणून दिसत नाही, अशी अवस्था येते. त्यानंतर ऑपरेशन करूनही ती नजर परत मिळत नाही.

भाकर करपलेली दिसत नाही, म्हणजे वेळ आली आहे.

उन्हाळ्याचे म्हणाल तर ऑपरेशन थिएटर बाराही महिने एकाच तापमानाला असते. मे महिन्यातला त्रास घरचा आहे : घाम, धूळ, टिनाखालची खोली. वीज आणि पंखा असलेली एक खोली आठ दिवस मायला देता आली तर उन्हाळाही चालतो. त्यापेक्षा मृगाच्या पेरणीत घरात कुणाला सवड नसते तेव्हाची तारीख टाळा, कारण ड्रॉप घालायला माणूस लागतो. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आणि महिलांना अर्धे तिकीट आहे. आधार कार्ड सोबत ठेवा.

दोन दवाखान्यांत लेन्सचा नंबर मोजला. एका ठिकाणी २१ आला, दुसरीकडे २२.५. खरा कोणता? (ता. आर्वी, जि. वर्धा)

दोन्ही खरे असू शकतात. हे जरा सावकाश पाहू, कारण चांगली लेन्स घालूनही नजर बिघडते ती कित्येकदा मोजमापात.

लेन्सचा नंबर दोन मापांवर ठरतो : डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये आणि कॉर्नियाची वक्रता. तिसरा आकडा लेन्सचा स्वतःचा, ए-कॉन्स्टंट. तो डब्यावर छापलेला असतो आणि प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो. जुने सोपे सूत्र असे : ए-कॉन्स्टंटमधून लांबीची अडीच पट आणि वक्रतेची ०.९ पट वजा करा. आता यापेक्षा नेमकी सूत्रे वापरतात, पण समजायला हे पुरते.

समजा पहिल्या दवाखान्यात ११८ ए-कॉन्स्टंटची कडक लेन्स धरली, लांबी २३ आणि वक्रता ४३.९ आली. ११८ वजा ५७.५ वजा ३९.५, म्हणजे २१. दुसऱ्याने ११९ ची घडीची लेन्स धरली आणि लांबी २२.८ मोजली. ११९ वजा ५७ वजा ३९.५, म्हणजे २२.५. दीडच्या फरकातला एक लेन्सच्या जातीमुळे आला, त्यात कुणाची चूक नाही. उरलेला अर्धा आला लांबीतल्या ०.२ मिलिमीटरमुळे. चौकशी त्याची करायची.

लांबी दोन तऱ्हांनी मोजतात. ए-स्कॅन या अल्ट्रासाउंडच्या यंत्राची पेन्सिलसारखी दांडी डोळ्याला टेकवतात. हात थोडा जड पडला की कॉर्निया दबतो, डोळा आखूड मोजला जातो आणि लेन्स जास्त नंबरची येते. ऑपरेशननंतर दूरचे धूसर राहते आणि उणे नंबरचा चष्मा लागतो. लांबीत एक मिलिमीटर चुकला तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने चुकतो. दुसरी तऱ्हा ऑप्टिकल बायोमीटरची : डोळ्याला काही टेकत नाही, समोरच्या दिव्याकडे पाहायचे, माप जास्त नेमके. पण फार पिकलेल्या मोतीबिंदूतून त्याचा किरण आरपार जात नाही, मग ए-स्कॅनच करावे लागते. लवकर ऑपरेशन करण्याचा हा आणखी एक फायदा.

दवाखान्यात चार गोष्टी पाहा. दोन्ही डोळे मोजले का, एकाचेच ऑपरेशन असले तरी? दोन्ही डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजले का? वक्रतेचे माप बाहुली मोठी करण्याचे ड्रॉप आणि दाबाची तपासणी यांच्या आधी घेतले का? ड्रॉप आणि टेकवलेले यंत्र यांनी कॉर्नियाचा पृष्ठभाग बिघडतो आणि आकडे भरकटतात. आणि मापाचा छापील कागद तुमच्या हाती दिला का? तो जपून ठेवा, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी कामी येतो. पहिल्या डोळ्याचा नंबर अपेक्षेपेक्षा किती हलला ते पाहून दुसऱ्याची लेन्स सुधारता येते.

आईच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने वडस वाढला आहे. मोतीबिंदूसोबतच काढून टाकता येईल का? (ता. मोर्शी, जि. अमरावती)

वडस म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून काळ्या भागाकडे वाढणारे मांस. छोटा असेल तर त्याला हात न लावता मोतीबिंदूचे ऑपरेशन करता येते. काळ्या भागावर दोन-तीन मिलिमीटर चढला असेल तर तो कॉर्नियाला ओढून चपटा करतो, मग वक्रतेचे माप खोटे येते आणि खोट्या मापावर लेन्स ठरते. अशा वेळी आधी वडस काढतात, दोन-तीन महिने कॉर्निया स्थिर होऊ देतात, पुन्हा मोजतात आणि मग मोतीबिंदू. उन्हात, धुळीत राबणाऱ्यांना वडस जास्त होतो. संत्र्याच्या बागेत टोपी आणि साधा गॉगल वापरला तर वाढ मंदावू शकते.

वडिलांना शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, रक्त पातळ होण्याची गोळी आहे आणि लघवी साफ होण्यासाठीही एक गोळी घेतात. ऑपरेशनआधी काय बंद करावे? तयारी काय करावी? (ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

स्वतःहून काहीही बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून तपासणीला न्या. नाव तोंडी सांगण्यापेक्षा पाकीट बरे.

लघवीच्या गोळीत टॅम्सुलोसिन आहे का ते पाहा. ते बाहुलीच्या स्नायूंना ढिले करते. ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसते आणि बुबुळाचा पडदा फडफडत जखमेत येतो. आठ दिवस गोळी थांबवून हा परिणाम जात नाही, वर्षभरापूर्वी बंद केलेल्यांतही दिसतो. सर्जनला आधी कळले तर तो बाहुली धरून ठेवणारे हुक तयार ठेवतो. टेबलावर अचानक कळले तर अडचण होते.

रक्त पातळ करणारी गोळी ड्रॉपच्या भुलीखालच्या ऑपरेशनला सहसा चालू ठेवतात. डोळ्यामागे इंजेक्शन द्यायचे असेल तर डॉक्टर ठरवतील. हृदयात स्टेंट असलेल्याने ती परस्पर बंद केली तर धोका डोळ्यापेक्षा मोठा आहे. वॉरफेरिनच्या जातीची गोळी असेल तर आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) ताजी तपासणी लागते.

साखर बहुतेक ठिकाणी २०० च्या खाली मागतात. त्यासाठी आदल्या दिवशी उपाशी ठेवू नका. दोन-तीन आठवडे आधीपासून पथ्य आणि औषध नीट करा. बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. पडद्यावर आधीच सूज किंवा रक्त असेल तर लेन्स कितीही भारी घातली तरी अक्षर वाकडेच दिसेल. मोतीबिंदू इतका दाट असेल की पडदा दिसत नाही, तर बी-स्कॅन सोनोग्राफी करून घ्या.

डोळ्याच्या कोपऱ्यातून अश्रूनलिकेत पाणी सोडून पाहतात. पाणी घशात उतरले तर नळी मोकळी. कोपऱ्यातून पू उलट आला तर ऑपरेशन थांबते, कारण तोच पू ऑपरेशनच्या जखमेतून आत जातो. दातात पू, अंगावर पिकलेले फोड, पापण्यांच्या मुळाशी खपल्या असतील तर त्यांचाही आधी इलाज.

आदल्या दिवशी दाढी, डोक्यावरून अंघोळ, केसांना तेल नाही, काजळ नाही. अँटिबायोटिक ड्रॉप दिले असतील तर सांगितल्या वेळी. सकाळी बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची. शुगरच्या गोळीचे आणि न्याहारीचे दवाखाना सांगेल तसे, पण गोळी घेऊन उपाशी राहू नये. पंधरा-वीस मिनिटे पाठीवर सरळ, न हलता झोपता येते का ते घरीच करून पाहा. दम लागत असेल, खोकला येत असेल तर तारीख पुढे ढकला. खर्ऱ्याचेही इथेच सांगतो : तोंडात तोबरा किंवा घशात सुपारीची खवखव घेऊन टेबलावर चढू नका. डोळा उघडा असताना आलेली एक ढास आतली नाजूक पिशवी फाडू शकते. टेबलावर खोकला येतोय वाटले तर आधी तोंडाने सांगा, डॉक्टर हत्यार बाहेर काढतील.

गावातल्या शिबिरात तपासणी झाली, ऑपरेशन मोफत आहे. पण तिथे ‘साधी प्लास्टिकची’ लेन्स घालतात म्हणे. पैसे जमवून खासगीत करावे का? (ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा)

शिबिरात बहुधा एसआयसीएस पद्धत वापरतात. सुमारे ६ ते ७ मिलिमीटरचा तिरपा बोगदा पाडून मोतीबिंदू अख्खा बाहेर घेतात, बोगदा आपोआप मिटतो, टाका सहसा लागत नाही. त्यात पीएमएमए नावाच्या प्लास्टिकची कडक लेन्स बसते. फेकोमध्ये, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू आतच फोडून काढण्याच्या पद्धतीत, चीर ३ मिलिमीटरपेक्षाही लहान असते, म्हणून लेन्स घडी करून घालावी लागते. लंडनच्या हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली पहिली कृत्रिम लेन्स बसवली ती पीएमएमएचीच होती. आयुष्यभर डोळ्यात टिकणारा हा पदार्थ आहे.

पुण्यात ४०० रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली आणि ती २००५ साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी, चष्मा लावून, दोन्ही गटांत ९८ टक्क्यांच्या वर लोकांना चांगले दिसत होते. चष्म्याविना फेकोवाले थोडे पुढे होते, कारण मोठ्या चिरेने सिलिंडर नंबर थोडा वाढतो. फार पिकलेल्या, कडक मोतीबिंदूला तर अनेक सर्जन मुद्दाम एसआयसीएस निवडतात.

तेव्हा कर्ज काढून खासगीत जाण्याचे कारण नाही. तपासणी गावात झाली तरी ऑपरेशन जिल्हा सामान्य रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय किंवा धर्मादाय नेत्र रुग्णालय अशा कायमच्या थिएटरमध्ये आहे ना, एवढी खात्री करा. शाळेत, सभागृहात टेबल लावून कुणी करत असेल तर नाही म्हणा. लेन्सचा नंबर मोजून घालणार ना आणि दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने तपासणार कोण, हेही विचारा. ऑपरेशननंतर डब्यातला स्टिकर कार्डावर चिकटवून मागा. त्यावर मॉडेल, नंबर आणि अनुक्रमांक असतो.

माझा उणे ६ चा चष्मा आहे. चष्मा काढून पोथी अगदी जवळ धरली की स्पष्ट वाचता येते. ऑपरेशननंतर तसेच राहील का? (ता. कारंजा, जि. वाशिम)

दूरसाठी लेन्स बसवली तर राहणार नाही, आणि हे आधी न सांगितल्यामुळे लोक नाराज होतात. रोजचा पोथीचा नेम असेल तर लेन्स मुद्दाम अशी निवडता येते की ऑपरेशननंतर उणे अडीच नंबर उरावा. मग ४० सेंटिमीटरवरची पोथी चष्म्याविना दिसते, दूरसाठी पातळ चष्मा लावायचा. जन्मभर दूरचा चष्मा वापरलेल्याला हे सोपे जाते. पण माप घेण्याच्या दिवशीच सांगा, ऑपरेशनच्या सकाळी नाही. दुसरा डोळाही उणे ६ चा असेल तर त्याचे ऑपरेशन फार लांबवू नका. दोन डोळ्यांत तीन-साडेतीन नंबरांचा फरक असला की चष्म्यातून प्रतिमा लहान-मोठ्या दिसतात आणि डोके दुखते.

ऑपरेशन झाले. शेतात केव्हा जायचे? ड्रॉप किती दिवस? (ता. देवरी, जि. गोंदिया)

ड्रॉपचा तक्ता दवाखाना देतो. साधारण स्टिरॉइडचा ड्रॉप पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा आणि दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत पाच-सहा आठवडे. डोळा पांढरा झाला म्हणून मध्येच बंद केला तर आत सूज परत येते. उलट तीच बाटली मेडिकलमधून पुन्हा आणून महिनोन्‌महिने घालत राहिलात तर डोळ्याचा दाब वाढतो. स्टिरॉइडची बाटली दुधी असेल तर प्रत्येक वेळी चांगली हलवा. औषध तळाशी बसते आणि न हलवता नुसते पाणी डोळ्यात जाते. औषध नीट चालू असूनही सूज का, याचे उत्तर कित्येकदा एवढेच असते.

हात साबणाने धुवा, खालची पापणी ओढून एकच थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबा. दुसरा ड्रॉप पाच मिनिटांनी. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नका. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्या. उन्हाळ्यात फ्रिज नसेल तर झाकणाच्या कोरड्या डबीत घालून माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. खिडकीत किंवा टिनाला लागून नको.

दहा दिवस गळ्याखालून अंघोळ, चेहरा ओल्या स्वच्छ कापडाने पुसायचा. रात्री डोळ्यावर प्लास्टिकची ढाल. चुलीपुढे बसणे आठवडाभर दुसऱ्या कुणाकडे द्या. फेको असेल तर महिनाभर आणि एसआयसीएस असेल तर सहा आठवडे कापसाचे गाठोडे, पाण्याचे हंडे, धान्याची पोती उचलू नका. फवारणी महिना-दीड महिना नाहीच, दुसरा फवारत असेल त्या धुऱ्यावरही उभे राहू नका. मध, गुलाबपाणी, कसलाही पाला डोळ्यात घालायचा नाही. चष्म्याचा नंबर पाच-सहा आठवड्यांनी काढा, आधी काढलेला बदलतो.

पहिल्या आठवड्यात थोडी खुपखुप आणि पाणी चालते. दुखणे वाढत चालले, लाली वाढली, काल दिसत होते त्यापेक्षा आज कमी दिसते किंवा पापणी सुजली, तर आत जंतूंचा संसर्ग झाला असे धरून त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात जा. सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. डोळ्यात अँटिबायोटिकचे इंजेक्शन काही तासांत मिळाले तर डोळा वाचू शकतो. गावातल्या डॉक्टरकडून दुखण्याची गोळी घेऊन दोन दिवस काढले तर बहुधा वाचत नाही. चमका दिसणे किंवा बाजूने काळा पडदा सरकल्यासारखे वाटणे, यालाही हीच घाई.

दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झाले, आता पुन्हा धूसर दिसते. मोतीबिंदू परत आला का? लेन्स बदलावी लागेल? (ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

मोतीबिंदू परत येत नाही. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिच्या मागच्या भिंतीवर उरलेल्या पेशी वाढून जाळी धरतात. याग लेसरने त्या भिंतीत छोटी खिडकी पाडतात. चीर नाही, सुई नाही, पाच-दहा मिनिटे बसून होते आणि लेन्सला हात लागत नाही. बहुतेकांना एकदाच करावे लागते. करण्याआधी बाहुली मोठी करून पडदा आणि डोळ्याचा दाब तपासून घ्या, कारण धूसरपणाचे कारण दर वेळी जाळीच असते असे नाही. लेसरनंतर एखाददोन दिवस काळे ठिपके तरंगताना दिसतील. ते वाढले किंवा सोबत चमका आल्या तर परत दाखवा.